डोसिमीटर उगाच वाजतोय? आधी सर्व्हे मीटर उचला

इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत (गॅमा किरणांनी वेल्ड वगैरेंची आतून तपासणी) नव्याने आलेल्यांची ठरलेली तक्रार: "सोर्स आत आहे, तरी डोसिमीटर वाजतोय." (सोर्स म्हणजे किरणोत्सर्गी गोळी, डोसिमीटर म्हणजे अंगावर लावायचं किरणमापक.) कधीकधी तो खरंच उगाच वाजतो. पण तसं ठरवायचा अधिकार सर्व्हे मीटरचा, म्हणजे हातात धरून जागेवरचे किरण मोजणाऱ्या यंत्राचा, तुमचा नाही. आधी मागे सरका, मग मीटर घेऊन कॅमेरा (सोर्स ठेवायची जाड कवचाची पेटी) आणि गाइड ट्यूब (सोर्स बाहेर नेणारी नळी) टोकापर्यंत तपासा. कारणं नंतर.

सगळ्यांत फसवं कारण वॉकीटॉकी. सिलिकॉन डायोडच्या डोसिमीटरमध्ये मूळ पल्स इतका बारीक असतो, की शेजारच्या अँटेनाची रेडिओलहर सर्किटला गॅमासारखीच भासते. बटण दाबलं की आकडा उसळतो, सोडलं की तासाला ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास परत. इथवर सोपं. पण साइटवर आपण वॉकीटॉकीवर बोलतो कधी? "सोर्स बाहेर", "सोर्स आत". म्हणजे नेमका सोर्स सरकवणारा क्रँक फिरतो तेव्हाच! त्यामुळे "वॉकीटॉकीच असेल" हे उत्तर दर वेळी पटतं, आणि गाइड ट्यूबमध्ये अडकलेला सोर्सही त्यातच खपून जातो. ३० क्युरी ताकदीचा इरिडियम-१९२ सोर्स एक मीटरवर तासाला १४० मिलिसिव्हर्टच्या आसपास देतो. आपली, म्हणजे या कामातल्यांची, वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसिव्हर्ट.

म्हणून ही चाचणी कॅमेरा कुलूपबंद आणि लांब असतानाच करा. वॉकीटॉकीचा सेट डोसिमीटरपासून ५ सेंमी, ३० सेंमी आणि १ मीटरवर धरून दहा-दहा वेळा बटण दाबा, आकडे वहीत लिहा. पुढे डोसिमीटर छातीवर, सेट आणि मोबाइल कमरेला विरुद्ध बाजूला. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं, घाबरू नका.

रेडिओलहर अडवायला डोसिमीटरवर फॉइल गुंडाळू नका. आवाज दबतो, डिस्प्ले झाकला जातो. आणि "सेटपॉइंट (अलार्म वाजायची पातळी) वाढव, गप्प बसेल" म्हणणारा सीनियर कितीही अनुभवी असो, त्याचं ऐकू नका. १९९२ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना गावी कॅन्सर उपचार केंद्रात भिंतीवरचा किरण-मॉनिटर वाजत होता. तो बिघडलाय असं धरून कुणी सर्व्हे मीटर लावला नाही. इरिडियमचा सोर्स रुग्णाच्या शरीरातच राहिला, रुग्ण दगावली.

बाकी किरकोळ: आपटल्यावर उसळी, बॅटरीची ढिली स्प्रिंग, कमी बॅटरीची वेगळी टिकटिक. एकूण डोसचा अलार्म आणि रेटचा (तासाला किती) अलार्म वेगळे. पहिला लांब गेल्याने थांबत नाही. नुकताच टेक्नेशियमचा (किरणोत्सर्गी द्रव्य टोचून होणारा) स्कॅन करून आलेला सहकारी शेजारी असेल, तर अलार्म खरा असतो.

खोट्या उसळ्याही एकूण डोसमध्ये जमा होतात. प्रत्येकीची वेळ आणि आकडा लिहून आरएसओंची (रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर) सही घ्या. टीएलडीवर (डोस साठवून नंतर लॅबमध्ये वाचला जाणारा बॅज) रेडिओलहरींचा परिणाम होत नाही, त्यामुळे तिमाही रिपोर्टशी ताळा करताना हीच नोंद लागते.