ऑनलाइन चर्चेत भाग घेऊनही गुण वाढत नाहीत? या चुका टाळा

ऑनलाइन वर्गाच्या चर्चेत उत्साहाने भाग घेणाऱ्यांचे गुण बहुधा चांगले असतात. म्हणून ‘जास्त पोस्ट टाका, गुण वाढतील’ असं मानणं ही सर्रास होणारी चूक आहे. नेमाने अभ्यास करणारी मुलं मुळातच चर्चेत पुढे असतात, त्यामुळे त्यांच्या गुणांचं सगळं श्रेय चर्चेला देता येत नाही. चर्चेचा फायदा होतो, पण तो लिहिताना आपण किती विचार केला यावर ठरतो.

‘सहमत’, ‘छान मांडलंस’ एवढंच लिहिलं तर फक्त हजेरी लागते. समजा प्रश्न आहे, तापमान वाढलं की रासायनिक अभिक्रियेचा वेग का वाढतो? एकाने लिहिलं, ‘रेणूंच्या टकरी वाढतात.’ खाली दहा जण सहमत. मग कुणीतरी विचारतं, ‘१० अंशांनी टकरी जेमतेम दोन टक्क्यांनी वाढतात, पण कितीतरी अभिक्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. तो कशामुळे?’ आता पुस्तक पुन्हा उघडावं लागतं आणि सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) ओलांडू शकणाऱ्या रेणूंचं प्रमाण वाढतं, हे खरं कारण हाती लागतं. परीक्षेत हेच आठवतं. मिशेलिन ची आणि रूथ वायली या शिक्षण-संशोधकांनी शिकण्याच्या पद्धतींबद्दल २०१४ मध्ये मांडलेली चौकटही हेच सांगते: नुसतं ऐकण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत मांडणं सरस, आणि एकमेकांच्या मुद्द्यात भर घालत बोलणं त्याहून सरस.

नोट्समधून उचलून चिकटवणं टाळा. आधी वही मिटून आठवेल तेवढं लिहा, मग ताडून दुरुस्त करा. आठवून लिहिलेलं नुसत्या पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त दिवस टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे.

मुदतीच्या शेवटच्या तासात पोस्ट टाकली तर उत्तर द्यायला कुणी उरत नाही. आणि आपल्या पोस्टला आलेलं उत्तर न वाचणं तर फारच नुकसानीचं, कारण आपली चूक नेमकी तिथेच कळणार असते.

गप्प राहून सगळं वाचणाराही शिकत असतो. त्याला आळशी ठरवू नका. बोलायची भीती वाटत असेल तर एक नेमकी शंका लिहून सुरुवात करावी. ‘समजलं नाही’ असं मोघम लिहू नये. ‘तिसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?’ असं विचारलं की उत्तर लगेच मिळतं.

शिक्षकांनीही पोस्ट मोजून गुण देऊ नयेत. मुलं संख्याच भरून काढतात. प्रश्न विचारल्यावर थांबाही. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात आढळलं की शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. ऑनलाइन वर्गात माइक सुरू करायला किंवा टाइप करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा निदान अर्धा मिनिट तरी द्या.