बटण दाबलं तरी कुत्रा ढिम्म? आधी पट्टा तपासा

अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्यात फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो. तेव्हा हमखास ऐकू येणारी तक्रार: कुत्रा ई-कॉलरला, म्हणजे रिमोटचं बटण दाबलं की मानेला विजेचा सौम्य झटका देणाऱ्या पट्ट्याला, दाद देत नाही. मग लोक झटक्याची लेव्हल वाढवत सुटतात. बहुतेकदा दोष ढिल्या पट्ट्याचा असतो.

१. कुत्रा उभा असतानाच पट्टा बांधा, मानेवर वरच्या बाजूला.

२. केस बाजूला सारून दोन्ही धातूच्या खुंट्या कातडीला टेकवा. पट्ट्याखाली जेमतेम एक बोट जायला हवं. लॅब्रॅडॉरसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला लांब खुंट्या लावा. केस भादरायची गरज नाही.

३. लेव्हल शून्यापासून एकेक पायरी चढवा. कान हलला, त्याने मान वळवून पाहिलं, की थांबा. तीच त्याची लेव्हल. कुत्रा केकाटला तर ती जास्तच झाली, लगेच उतरवा.

मात्र खुंट्या एकाच जागी रुतून राहिल्या तर तिथे जखम होते आणि ती केसांआड दिसतही नाही. दर तासा-दोन तासांनी पट्टा थोडा सरकवा, रात्री काढूनच ठेवा आणि मानेवरून बोटं फिरवून कातडी बघा. लाल दिसली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत पट्टा नको, नुसती शिट्टी आणि लांब दोरी.