वाळलेली थर्मल पेस्ट: खरवडू नका, भिजवा

थर्मल पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधला लेप. तो वाळला की जुना काढून नवा घालावा लागतो. लॅपटॉप उघडून बॅटरीचा कनेक्टर काढायचा आणि हीटसिंकचे स्क्रू सोडवायचे, हे तुम्हाला जमतं असं मी धरून चालतो. हीटसिंक घट्ट चिकटलेला असेल तर ओढाताण करू नका. स्क्रू आणि बॅटरी पुन्हा जोडून लॅपटॉप दहा मिनिटं चालवा, बंद करा, बॅटरीचा कनेक्टर काढा आणि पेस्ट कोमट असतानाच हलक्या हाताने सोडवा.

पेस्ट काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, शक्यतो ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की बाटली पुढे येते. घरातलं सॅनिटायझर चालेल म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लॅस्टिक खातं, वर त्यात तेल आणि सुगंध. रॉकेल तर तेलकटच. आयपीए लगेच पेटतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, उदबत्ती लांब.

आता खरं काम. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर बहुधा धातूचं झाकण असतं, लॅपटॉपमध्ये मात्र सिलिकॉनची चकचकीत चिप उघडीच असते. तिचे कोपरे ठिसूळ, भोवती मोहरीएवढे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग. जुनी पेस्ट सिमेंटसारखी झालेली दिसली की लोक स्क्रूड्रायव्हर नाहीतर ब्लेड उचलतात. कोपऱ्याचा टवका उडाला किंवा एखादा कपॅसिटर निघाला, तर बोर्डच दुरुस्तीला जातो. ब्लेड बाजूलाच राहू दे.

चष्मा पुसायच्या कापडाचा तुकडा चिपएवढी घडी घालून आयपीएने ओला करा, ठिबकेल इतका नको. तो चिपवर ठेवून तीन-चार मिनिटं थांबा. अल्कोहोल उडत जातं, म्हणून मध्ये दोन थेंब पुन्हा टाका. घाई इथेच नडते. पेस्ट मऊ झाली की कडेकडून मध्याकडे पुसा. उलटं पुसलंत तर सगळा राडा कपॅसिटरांत जातो. दर वेळी कापडाची कोरी बाजू घ्या आणि डाग राहिलाच तर जोर लावण्यापेक्षा पुन्हा भिजवा. सुटा कापूस नको, त्याचे तंतू राहतात.

कपॅसिटरांच्या फटीतली पेस्ट कान साफ करायच्या इअरबडने, तो ओला करून, जेवढी निघेल तेवढी काढा, बाकी सोडून द्या. साध्या राखाडी-पांढऱ्या पेस्टमधून वीज वाहत नाही, तिथे राहिल्याने काही बिघडत नाही. फक्त दिसायला चांगलं नाही म्हणून टोकरत बसणं हा शुद्ध वेडेपणा. अपवाद लिक्विड मेटलचा, म्हणजे पेस्टऐवजी वापरलेल्या पातळ धातूचा: पाऱ्यासारखं चमकणारं काही दिसलं तर हात आवरा. त्यातून वीज वाहते आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं.

शेजारच्या मेमरी चिपांवरच्या मऊ थर्मल पॅडना अल्कोहोल लावू नका. फाटलेच तर त्याच जाडीचे आणा.

हीटसिंकचं तांबं तसंच पुसा. काळसर छटा राहिली तरी पॉलिश पेपर लावू नका. पाच मिनिटं सुकू द्या, चिपला बोट न लावता नवी पेस्ट घाला.