या चुका टाळा: संहती दुप्पट केली, मग वेग?

"संहती वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो" हे वाक्य मुलं अकरावीपासून घोकून येतात आणि मग घड्याळाचंही ऐकत नाहीत. इंदूरला बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेऊन वीस वर्षं झाली, चुका त्याच.

सर्वांत डोकं फिरवते ती ॲसिटोन-आयोडीनची. 4 मोलर ॲसिटोन 10 मिलि, 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 10, पाणी 20, शेवटी 0.005 मोलर आयोडीन 10, आणि पिवळा रंग जाईपर्यंत वेळ मोजायची. पुढच्या खेपेला आयोडीन 20, पाणी 10. एका मुलाच्या वहीत आधी 3 मिनिटं 50 सेकंद, मग बरोब्बर 1 मिनिट 55. म्हटलं, "दादा, माझ्यासमोर कर बरं." चार मिनिटं झाली तरी फ्लास्क पिवळाच. साडेसात उलटल्यावर रंग गेला. शेजारची मुलगी पुटपुटली, "म्हणजे वेग निम्मा झाला, मॅडम." तेही चूक! आयोडीन दुप्पट, ते संपायला वेळही दुप्पट, म्हणजे वेग तोच. संथ पायरी, म्हणजे सगळा वेग जिच्यावर ठरतो ती, ॲसिटोनचं ईनॉल (त्याचंच आतून बदललेलं रूप) होण्याची. तिथे ॲसिटोन आणि आम्लाचं चालतं, आयोडीन दाराशी ताटकळत असतं. रसायनशास्त्रज्ञ आर्थर लॅपवर्थने 1904 मध्ये ब्रोमीन घेऊन हेच दाखवलं होतं. ऑर्डर (संहतीबरोबर वेग किती बदलतो ते सांगणारा आकडा) समीकरणाकडे बघून लिहायची नसते, ती प्रयोगातून काढायची.

पाणी कमी न करता आयोडीन वाढवलं, तर ॲसिटोन आणि आम्लही पातळ होतात. एकूण 50 मिलि म्हणजे 50च. मी चारही आकडे आधी फळ्यावर लिहायला लावते.

एस्टरच्या प्रयोगात, म्हणजे आम्लात मिथाइल ॲसिटेट हळूहळू तुटून ॲसिटिक आम्ल होतं त्यात, टायट्रेशनचा नमुना आधी बर्फाच्या पाण्यात टाका म्हणजे अभिक्रिया मंदावते, गप्पा नंतर.

आणि ते शेवटचं, अभिक्रिया पूर्ण संपल्यावरचं 'इन्फिनिटी' रीडिंग! घाईवाले फ्लास्क अर्धवट झाकून वॉटर बाथवर ठेवतात. मिथाइल ॲसिटेट 57 अंशांना उकळतं. अर्धं उडूनच जातं. एका गटाचं 90 मिनिटांचं रीडिंग (टायट्रेशनला लागलेला अल्कली) 14.8 मिलि आणि इन्फिनिटी 14.3. इन्फिनिटीतून ते वजा करून लॉग घ्यायचा, तर लॉगच्या आत ऋण आकडा आला, कॅल्क्युलेटरने 'एरर' दाखवलं, तर यांनी शेजारच्याचा कॅल्क्युलेटर मागितला. मी शुक्रवारी बूच घट्ट लावून ठेवते आणि सोमवारी टायट्रेशन करते. तेवढा धीर नसेल त्यांनी माझ्या बॅचला येऊ नये.