ग्रॅनाइटच्या जिन्यावर कार्पेट पायरीच्या नाकाशी सुटतंय? माझा अनुभव

कोथरूडच्या आमच्या रो-हाऊसचा आतला जिना ग्रॅनाइटचा, कार्पेट घरीच लावलं तर पायरीच्या नाकावर, जिथे ते खाली वळतं, तिथेच फुगून सुटायचं. डबल टेप पावसाळ्यात सुटली, ग्लू गनचं विचारूच नका, आणि ग्रॅनाइटमध्ये खिळे कोण मारणार. जाम डोकं फिरलं.

टिकलं ते असं. आधी पॉलिशचा मेणचट थर थिनरच्या फडक्याने पुसून सुकू दिला, हे टाळलंत तर पुढचं सगळं फुकट. प्रत्येक पायरीला वेगळा तुकडा, आडवा आणि त्याखालचा उभा भाग मिळून एकच, लव खालच्या दिशेने झोपेल असा. मग बोहरी आळीतून आणलेलं फेविकॉल एसआर ९९८ (दोन्हीकडे लावून चिकटवायचं रबरी अ‍ॅडहेसिव्ह, नेहमीचं पांढरं फेविकॉल नाही) दगडाला आणि कार्पेटच्या पाठीला, दोन्हीकडे पातळ लावून १०-१५ मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागलं पाहिजे पण बोटावर यायला नको. मागच्या कोपऱ्यात नीट मापून टेकवा कारण एकदा चिकटलं की सरकत नाही, तिथून दाबत नाकापर्यंत या, मग ताणून खाली. नाकावर लाकडी ठोकळा धरून रबरी हातोडीने ठोका. खिडक्या उघड्या आणि गॅस, देवाचा दिवा बंद, वास भयंकर येतो आणि वाफ पेट घेऊ शकते. रात्रभर जिना कोणी चढायचा नाही, आईला आम्ही हॉलमध्येच झोपवलं.