नळी घालण्याआधी उशी बघा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी भूल देते. नव्या डॉक्टरांना माझं पहिलं सांगणं हेच: श्वासनलिकेत नळी घालायला लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशातलं स्वरयंत्र दाखवणारं उपकरण, उचलण्याआधी पेशंटकडे बाजूने बघा. कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत आली पाहिजे. बारीक माणसाला डोक्याखाली ७ ते १० सेंटिमीटरची घट्ट उशी पुरते. मान पुढे, हनुवटी वर.

जाड पेशंटला एवढ्याने भागत नाही. पाठीपासून डोक्यापर्यंत घडीच्या चादरींचा उतार रचा, तोही भूल देण्याआधीच. बेशुद्ध माणूस उचलायला चौघं लागतात आणि तेवढ्यात ऑक्सिजन घसरतो. एका सिझेरियनला चादरी कमी पडल्या, तेव्हा सासूबाईंनी आणलेली वाकळ चादरीत गुंडाळून पाठीखाली घातली. स्वरयंत्र स्वच्छ दिसलं. त्या वाकळेची मला अजून आठवण येते. डोक्याकडची बाजू २५ अंश वर ठेवून ३ मिनिटं ऑक्सिजन द्या. फुप्फुसात साठा जास्त राहतो.

तान्ह्या बाळाचं उलट. डोकं मागून मोठं असतं, म्हणून उशी काढा, खांद्याखाली पातळ घडी द्या.

मोटारसायकलवरून पडलेल्याची मान मात्र वाकवूच नका. एकाने दोन्ही हातांनी डोकं सरळ धरून ठेवायचं.