जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या बोर्ड विभागात नव्याने रुजू होताना

खानदेशात जळगाव जिल्ह्याची एक आणि धुळे-नंदुरबार मिळून एक अशा दोन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आहेत. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, पण बँक एकत्रच राहिली. अशा बँकेत लेखनिक किंवा अधिकारी म्हणून लागलेल्या मुलाची बदली बोर्ड विभागात, म्हणजे संचालक मंडळाच्या सभांचे काम पाहणाऱ्या विभागात झाली की त्याला वाटते, आपल्याला चहापाणी आणि टपालाचे काम मिळाले. प्रत्यक्षात बँकेचा प्रत्येक निर्णय इथे कागदावर येतो. तो कागद कच्चा निघाला, तर मुख्यालयात झालेला निर्णय शहाद्याच्या किंवा बोदवडच्या शाखेत अडकून पडतो.

आधी एक गोष्ट पक्की करा: कोणता विषय मंडळापुढे जायचा आणि कोणता नाही. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार तिच्या केंद्रीय संचालक मंडळाच्या वर्षात किमान ६ सभा आणि दर तिमाहीत किमान एक सभा व्हावी लागते. चालू कामकाज मंडळाची एक समिती आठवड्याच्या बैठकीत पाहते. देशाच्या बँकेचे मोठे मंडळ किरकोळ कामात अडकत नाही, ते या रचनेमुळे. आपल्याकडे हेच काम कार्यकारी समिती, कर्ज समिती, सेवक समिती आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना दिलेल्या अधिकारांनी होते. अधिकार प्रदान केल्याचा ठराव शोधा, त्याची प्रत काढा आणि टेबलाच्या काचेखाली ठेवा. कोणी किती रकमेपर्यंत खर्च करू शकतो, बदली कोण करतो, निविदा कोण उघडतो, हे त्यातच असते. हा ठराव जुना असेल, तर त्यातल्या मर्यादा आजच्या दरांना पुरत नाहीत. मग प्रिंटरच्या दुरुस्तीसाठीही विषय लावावा लागतो किंवा एकच खरेदी तीन बिलांत तोडली जाते. दुसरा प्रकार लेखापरीक्षक लगेच पकडतो. अशी वेळ येत असेल, तर मर्यादा वाढवण्याचा विषयच मंडळापुढे न्या.

विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे तो निर्णयार्थ आहे, अवलोकनार्थ आहे की कार्योत्तर मंजुरीसाठी आहे, ते लिहा. कार्योत्तर मंजुरी तातडीच्या कामापुरती असावी. एका सभेत असे पाच-सहा विषय दिसले की तपासणी अधिकारी थेट विचारतो: आधी खर्च आणि मग परवानगी, ही इथली पद्धतच आहे का?

सभेची नोटीस पोटनियमात दिलेल्या मुदतीत निघाली पाहिजे. मुदत ‘पूर्ण दिवसांची’ असेल, तर नोटीस पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मोजा. ७ पूर्ण दिवस असतील आणि सभा २० तारखेला असेल, तर नोटीस १२ तारखेला बाहेर पडायला हवी. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत. रावेरचा आणि चाळीसगावचा संचालक दोन टोकांना राहतो. धडगाव-मोलगीकडे सातपुड्यात टपाल आणि मोबाइलची रेंज, दोन्हींचा भरवसा नसतो. म्हणून नोटीस नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टने किंवा समक्ष सही घेऊनच द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत सोयीची असली तरी पोटनियमात तसे नसेल, तर तिला पुरावा समजू नका. सभा वादग्रस्त झाली की पहिला आक्षेप नोटिशीवरच येतो.

आता टिपणी, म्हणजे प्रत्येक विषयासोबत मंडळापुढे जाणारी माहिती. या कामातला खरा कस इथे लागतो. चांगली टिपणी दीड पानाच्या आत संपते. तिच्यात पूर्वीचे ठराव, आजची वस्तुस्थिती, खर्च आणि त्याला अंदाजपत्रकात असलेली तरतूद, लागू असलेला नियम, विभागाची शिफारस आणि शेवटी ठरावाचा मसुदा असतो. मसुदा कधीही सोडू नका. समजा, एका शाखेच्या भाड्याच्या जागेची मुदत संपत आहे. टिपणीत जागेचे क्षेत्रफळ, सध्याचे भाडे, मालकाने मागितलेले भाडे, आसपासचा दर, जागा बदलली तर तिजोरी कक्ष नव्याने बांधण्याचा खर्च, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च एवढे सगळे हवे. ठरावात दर, मुदत, दरवर्षीची वाढ आणि करारावर सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. ‘जागेस मुदतवाढ देण्यात यावी’ एवढाच ठराव झाला, तर एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवताना तो कोणत्या अटींवर करायचा हेच कळत नाही. मग पुढच्या सभेपर्यंत थांबावे लागते आणि तोवर शाखा कराराविना चालते.

सह्यांच्या अधिकाराचा ठराव दिसायला सगळ्यात साधा, पण चुकला तर सगळ्यात महाग. राज्य सहकारी बँकेतल्या किंवा इतर बँकांतल्या आपल्या खात्यांवर सही करणारा अधिकारी बदलला, की नव्याचे पूर्ण नाव, हुद्दा, अंमल सुरू होण्याची तारीख आणि सही एकट्याची की संयुक्त, हे लिहा. शिवाय जुन्या अधिकाऱ्याचे अधिकार त्या तारखेपासून रद्द केल्याचे वाक्य त्याच ठरावात हवे. ते राहून गेले तर बदलून गेलेल्या, कधी निवृत्त झालेल्या माणसाची सही समोरच्या बँकेत चालूच राहते.

हंगामी विषयांचे कॅलेंडर वेगळे ठेवा. त्यात पहिली ओळ कमाल मर्यादा (क.म.) पत्रकांची, म्हणजे कोणत्या सभासदाला जास्तीत जास्त किती पीककर्ज मिळेल ते सांगणाऱ्या पत्रकांची. गटसचिव (सोसायटीचे दप्तर पाहणारा सचिव) विकास सोसायटीचे, म्हणजे गावातल्या पीककर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचे क.म. पत्रक तयार करतो, बँकेचा तपासणीस ते तपासतो, मग ते मंजुरीला येते. सभासदाचे पिकाखालचे क्षेत्र आणि जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेला हेक्टरी पीककर्ज दर, यांच्या गुणाकारावर मर्यादा ठरते. चुका ठरलेल्या असतात. सातबाऱ्यावर जिरायत कपाशी आणि पत्रकात बागायत दर. रावेर-यावलकडे केळीचे क्षेत्र गेल्या वर्षीचेच उतरवलेले. मयत सभासदाचे नाव तसेच राहिलेले. या तीन गोष्टी कार्यालयात येताच तपासा, सभेच्या आदल्या दिवशी नाही.

अनिष्ट तफावत असलेल्या सोसायट्यांची यादी पत्रकांसोबत जोडा. सभासदांकडून सोसायटीला ८० लाख रुपये येणे आहे आणि सोसायटीने बँकेला ९५ लाख देणे आहे, तर १५ लाखांची तफावत आहे. एवढी रक्कम कोणाकडून वसूल करायची याचे उत्तर सोसायटीच्या वहीत नाही. अशा सोसायटीच्या नव्या कर्जाचा विषय मंडळाने डोळे उघडे ठेवून घ्यावा, यासाठी आकडा टिपणीच्या पहिल्या परिच्छेदातच द्या.

हे विषय मार्च-एप्रिलच्या सभेत यायलाच हवेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. तापीकाठच्या बागायती पट्ट्यात कपाशीची लागवड पावसाआधीच सुरू होते. पत्रक जूनच्या सभेला लागले, तर मंजुरी कागदोपत्री वेळेत दिसते, पण शेतकऱ्याने तोवर बियाणे उधारीवर किंवा सावकाराकडून पैसे काढून घेतलेले असते. तुमच्या टेबलावर पंधरा दिवस पडून राहिलेल्या फाइलचे व्याज तो भरतो.

सभेच्या दिवशी हजेरी पुस्तकावर सह्या कामकाज सुरू होण्याआधी घ्या. २१ जणांचे मंडळ असेल आणि पोटनियमाने निम्म्याहून अधिक गणपूर्ती मागितली असेल, तर ११ जण हवेत, आणि ते शेवटच्या ठरावापर्यंत हवेत. जेवणानंतर तिघे-चौघे निघून जातात आणि मोठा विषय नेमका तेव्हाच निघतो. माणसे मोजत राहा आणि संख्या घटली की मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना चिठ्ठी द्या. एखाद्या संचालकाचा हितसंबंध असलेला विषय आला, तर त्याने तो सांगितला, तो सभागृहाबाहेर गेला आणि विषय संपल्यावर परत आला, हे तिन्ही इतिवृत्तात यावे. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांत कर्ज, नोकरभरती किंवा जागाखरेदी येऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यावर टिपणी वाचलेली नाही, त्या निर्णयाची जबाबदारीही सगळ्या संचालकांवर येते. पुढे नुकसान झाले, तर सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली ते त्यांच्याकडून वसूल होऊ शकते.

चर्चा बहुतेक वेळा अहिराणीतच रंगते. कोणी म्हणते, ‘पुढला मीटिंगमा देखूत,’ आणि पुढचा विषय सुरू होतो. लिहिणाऱ्याने तिथेच अध्यक्षांना विचारावे: तहकूब लिहू की नामंजूर? तहकूब विषय पुढच्या विषयपत्रिकेत आपोआप येतो, नामंजूर विषय येत नाही. सभेनंतर फोन करून विचारले, तर दोन संचालक दोन उत्तरे देतात.

इतिवृत्ताचा मसुदा दोन-तीन दिवसांत लिहून काढा. कोण काय म्हणाले हे सगळे नको. विषय, लक्षात घेतलेली मुख्य बाब, ठराव, सूचक, अनुमोदक आणि कोणी विरोध नोंदवायला सांगितला असेल तर त्याच्याच शब्दांत तो विरोध, एवढे पुरे. प्रोसिडिंग बुकाची (इतिवृत्ताच्या वहीची) पाने क्रमांकाची असावीत, मध्ये कोरी जागा नसावी. संगणकावरची छापील पाने चिकटवत असाल, तर अध्यक्षांची सही अर्धी चिकटवलेल्या आणि अर्धी मूळ पानावर यावी, म्हणजे पान बदलता येत नाही. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होते, तेव्हा फक्त नोंद बरोबर आहे का ते पाहायचे. झालेला निर्णय फिरवायचा असेल, तर तसा स्वतंत्र विषय आणि स्वतंत्र ठराव लागतो. कायम करताना गुपचूप शब्द बदलून घेण्याचा आग्रह झाला, तर ही गोष्ट नम्रपणे पण ठामपणे सांगा.

शेवटी ठराव अंमलबजावणी नोंदवही. ठराव क्रमांक, कोणत्या विभागाकडे गेला, उतारा दिल्याची तारीख, मुदत आणि आजची स्थिती असे पाच रकाने पुरतात. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ खाली नाबार्डची तपासणी येते, तेव्हा अधिकारी प्रोसिडिंग बुकातून चार-पाच ठराव निवडतो आणि त्यांचे पुढे काय झाले ते विचारतो. मागच्या तपासणी अहवालातले मुद्दे मंडळापुढे केव्हा ठेवले आणि त्यावर कोणता ठराव झाला, हेही तो पाहतो. त्या मुद्द्यांना नोंदवहीत वेगळे पान द्या. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रलंबित ठरावांची यादी प्रत्येक विभागप्रमुखाला पाठवा आणि पोच सहीसह त्याच पानाला टाचून ठेवा.